गोळी पोटाला मानवत नाही तेव्हा

लोहाची गोळी घेतली की पोटात ढवळतं, असं तुमची मुलगी सांगते तेव्हा ती बहाणा करत असेल असं धरून चालू नका. बहुतेक वेळा ती खरंच सांगत असते. गोळीतल्या लोहापैकी थोडंच लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषलं जातं. उरलेलं तसंच पुढे सरकतं, आतड्याच्या अस्तराला त्रास देतं आणि तिथल्या जंतूंचा मेळही बिघडवतं. मळमळ, कळा, दोन-दोन दिवस पोट साफ न होणं, एखाद्याला उलट जुलाब, हे सगळं त्यातून येतं. शी काळपट होते त्याला मात्र घाबरू नका, तो लोहाचाच रंग. डांबरासारखी चिकट आणि घाण वासाची असेल तरच लगेच दाखवा.

आणि पोटाचं कुणी ऐकून घेतलं नाही की मुलं आपला मार्ग शोधतात. सरकारी योजनेत 2013 पासून शाळेत आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते. सध्या तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. ती दुपारच्या जेवणानंतर घ्यायची असते. ज्या मुलीने डबा अर्धा परत आणलाय, तिला त्या गोळीने मळमळलं तर नवल काय? पुढच्या आठवड्यात गोळी खिडकीबाहेर जाते, घरी ‘घेतली’ म्हणून सांगितलं जातं आणि सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन होतं तिथेच. मग आईबाबा माझ्यासमोर बसून म्हणतात, ‘एवढ्या गोळ्या खाऊनसुद्धा रक्त वाढतच नाही हो.’

रक्त कमी आहे म्हणून उपचाराची गोळी लिहून दिली असेल आणि ती सोसत नसेल, तर ती घरच्या घरी बंद करण्याआधी घेण्याची रीत बदलता येते. लोहाचा मोठा डोस घेतला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि साधारण दिवसभर आतड्याचं दार निम्मं लोटलेलं राहतं. त्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळी घेतली की शोषण कमी, पोटाला जाच तेवढाच. झुरिकच्या संशोधकांनी 2017 साली लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांना रोजच्याऐवजी एक दिवसाआड गोळी देऊन पाहिली, तेव्हा प्रत्येक गोळीतून जास्त लोह अंगी लागलं. तो अभ्यास मोठ्या बायकांवरचा होता, म्हणून मुलांच्या बाबतीत हा बदल मनाने करू नका. पण ‘एक दिवसाआड दिली तर चालेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना बिनधास्त विचारा. लहान डोसपासून सुरुवात करून हळूहळू वाढवणं, गोळीऐवजी पातळ औषध, लोहाचा वेगळा क्षार, रात्री झोपताना घेणं, यातलं काहीतरी बहुतेकांना मानवतं. उपाशीपोटी शोषण चांगलं होतं हे खरं, पण उपाशीपोटी घेऊन उलटून टाकण्यापेक्षा दोन घास पोटात घालून घेतलेली गोळी केव्हाही बरी. सोबत लिंबूपाणी चालेल. दूध, चहा आणि कॅल्शियमची गोळी त्या वेळी नको. ‘पोटाला सौम्य’ म्हणून मिळणाऱ्या, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. त्यातल्या बऱ्याच लोह शोषणारी जागा ओलांडल्यावर विरघळतात. पोट शांत राहतं आणि रक्तही जागच्या जागी!

आता जेवणाकडे. बीट लाल, डाळिंब लाल, म्हणून ते रक्त वाढवतात ही समजूत काही सुटत नाही. दोन्हींत लोह अगदी थोडं असतं. आवडीने खाऊ द्या, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. गुळाचंही तेच. नाजूक पोटाच्या मुलाला अख्खे हरभरे, राजमा, छोले लोहासाठी म्हणून भरवलेत तर पोट फुगेल आणि मूल ताटावरून उठेल. त्याऐवजी मूग भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून द्या. भिजवल्याने आणि मोड आल्याने लोह अडवून धरणारं फायटेटही कमी होतं. पालेभाजी थोडीच, पण चांगली शिजलेली. वर लिंबू पिळायचंच. चिंच-आमसुलाची आमटी लोखंडी कढईत उकळली तर कढईचं लोह आमटीत उतरतं, आपल्या आज्या उगाच ती कढई जपत नव्हत्या. पोह्यांवर लिंबू पिळून लगेच चहाचा कप पुढे करणं ही मात्र आपली जुनी खोड. चहा तासाभराने. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी, मासळी यांतलं लोह डाळी-भाज्यांतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं, थोडं खाल्लं तरी. आणि दोन-तीन वर्षांचं मूल दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पीत असेल तर दूध कमी करा. दुधाने पोट भरतं, लोह मिळत नाही.

शाकाहारी घरांत बी-12 वेगळं तपासायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 साली पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक जणींत बी-12 कमी निघालं. आईत कमी, तर बाळाची सुरुवातच तुटीतून. जीभ सोलवटणं, हातापायांना मुंग्या, सतत थकवा ही त्याची लक्षणं. नुसतं फॉलिक ॲसिड देत राहिलं तर रक्ताचा आकडा सुधारतो आणि बी-12 अभावी मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. बी-12ची गोळी पोटाला सहसा त्रास देत नाही, म्हणून हा भाग सोपा आहे. ड जीवनसत्त्वाबद्दल एवढंच, की 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा म्हणून दिलेली असते. चुकून रोज घेतली गेल्याची उदाहरणं आहेत.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. पोट नाजूक म्हणून काही घरांत मुलाला महिनोन्‌महिने रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी चालू असते. लोह आणि बी-12 दोन्ही शोषायला जठरातलं आम्ल लागतं, आणि तेच आपण कमी करत असतो. ज्या पोटाची काळजी घेतोय त्याच पोटातून कमतरता वाढत जाते. अशी गोळी कुणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहिली होती, हे जुना कागद काढून बघा.

कधी उलटंही असतं. नाजूक पोट हेच कमतरतेचं मूळ. वारंवार पोट फुगणं, पातळ शौच, उंची-वजन न वाढणं आणि गोळ्यांना दाद न देणारं कमी रक्त हे सगळं एकत्र दिसलं तर सिलिॲक आजाराची रक्ततपासणी मागा. त्यात गव्हातलं ग्लुटेन आतड्याचं अस्तर खराब करतं. तपासणीआधी पोळी बंद करू नका, नाहीतर आजार असूनही चाचणी कोरी येते. जंतांचं औषध वेळच्या वेळी दिलंय का, तेही आठवा. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन करून घ्या, लोहाचा साठा त्यातून कळतो. ताप किंवा संसर्ग असताना मात्र फेरिटिन फसवं वाढतं. रक्तपेशी बारीक आणि फेरिटिन व्यवस्थित असेल तर थॅलेसेमियाचा वाहक आहे का ते पाहावं लागतं. तिथे लोह देऊन उपयोग नाही.

वयात आलेल्या मुलीला पाळीत किती रक्त जातं, हे तिला मोकळेपणाने विचारा. बाबांना अवघड वाटत असेल तर आईने किंवा मावशीने. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, तर पोटाशी कितीही जुळवून घेतलं तरी रक्त भरून येणार नाही.

औषध नीट पोटात जात असेल तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं म्हणून थांबू नका, साठा भरायला पुढे आणखी तीनेक महिने लागतात. तोंडाने काहीच सोसत नसेल तर रुग्णालयात शिरेतून लोह देण्याचा पर्याय आहे. आणि घरात धाकटं भावंड असेल तर ही औषधं कुलपात ठेवा. गोड चवीच्या लोहाच्या औषधाची अर्धी बाटली लहानग्याच्या जिवावर बेतू शकते. प्यायल्याची नुसती शंका आली, तरी उलटी होण्याची वाट न बघता बाटली हातात घेऊन थेट दवाखाना गाठा.