फोडणीचा फेस होत नाही

माझी जीभ वरण-भात-तूप-लिंबावर पोसलेली आहे आणि तिला त्याचा अजिबात संकोच नाही. पण घरातली मुलं मिळवती झाली की वाढदिवसाला कुणी ना कुणी ‘तसल्या’ हॉटेलात नेतंच. मंद दिवे, भल्यामोठ्या काळ्या बशीत मधोमध सुपारीएवढं काहीतरी, बाजूला धूर आणि घास घेण्याआधी त्यावर निरूपण. पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच ठिकाणी जेवून झालं. आपल्यासारख्यांचं तिथे कुठे बिनसतं आणि कुठे जमतं, याचा आता अंदाज आलाय.

बिनसतं ते आमटीपाशी. एका नावाजलेल्या ठिकाणी ‘मराठी ताट, नव्या रूपात’ मागवलं होतं. भाताची तळलेली गोळी, शेजारी तुरीच्या डाळीचा घट्ट गोळा आणि त्यावर तपकिरी फेस. वेटर म्हणाला, “मॅडम, हा गोड्या मसाल्याच्या आमटीचा फोम. लगेच घ्या, नाहीतर बसतो.” बसलाच. चमचा उचलेपर्यंत बशीत चिंच-गुळाचं कोमट पाणी उरलं. भाचा उत्साहाने म्हणाला, “मावशी, आमटीची टेस्ट आली की नाही?” आंबट आलं, गोड आलं. आमटी काही आली नाही.

यात स्वयंपाक्याचा उद्धटपणा नव्हता, घोडं रसायनात पेंड खात होतं. असा फेस बहुधा पातळ रसात लेसिथिन घालून, घुसळून हवा भरून काढतात. रसात तेल-तूप जास्त झालं की तो धरत नाही. आणि आपल्या मसाल्याचा वास तर तेलातच उतरतो. दगडफूल कोरडं हुंगून बघा, जेमतेम मातकट वास येईल. तेच तेलावर परतलं की शेजारचे विचारतात, आज काय बेत? हिंग, मोहरी, कढीपत्ता, सगळ्यांची तीच गत. फेसासाठी तेल काढलं की फोडणी गेली, आणि फोडणी गेली की आमटीत उरतं काय? त्यात फेस क्षणात निवतो. निवलेल्या आमटीला आपण घरीसुद्धा नाक मुरडतो.

म्हणून माझा पहिला सल्ला: मेन्यूकार्डावर फोडणीचा, वाफाळता, भाताबरोबर कालवायचा पदार्थ नव्या अवतारात दिसला, तर त्याला लांबूनच नमस्कार करा. पिठलं, आमटी, कटाची आमटी, भरली वांगी ही सगळी त्यात आली.

थंड पदार्थांची गोष्ट मात्र वेगळी. सोलकढीचा गोळा मी खाल्ला आहे आणि पुन्हा खाईन. गुलाबी, पारदर्शक पातळ कातडीच्या आत सोलकढी, वर कोथिंबिरीचं एक पान. वहिनींनी तो समोरच्या दातांनी तोडला आणि सोलकढी थेट नारायणपेठीवर. तो अख्खा जिभेवर ठेवायचा, तोंड मिटायचं आणि मगच टाळूने दाबायचा. फुटला की आमसुलाचा आंबटपणा, नारळाचं दूध आणि लसणीचा ठसका एकदम येतो. वाटीतून घोट घेताना हे इतकं एकवटून येत नाही, हे मला मान्य करावंच लागलं.

ही करामत जगभर गाजवली ती स्पेनमधल्या ‘एल बुयी’च्या फेरान आद्रियाने, २००३च्या सुमारास. समुद्री शेवाळापासून काढलेलं अल्जिनेट आणि कॅल्शियम एकत्र आलं की जेलीसारखी कातडी धरते, एवढंच त्याचं इंगित. दह्यात कॅल्शियम मुळातच असतं, म्हणून दह्याचा थेंब अल्जिनेटच्या पाण्यात सोडला की त्याचा गोळा बांधता येतो. बँकॉकमध्ये गगन आनंद या शेफने अशा दह्याच्या गोळ्यावर नाव कमावलं. ‘एल बुयी’ २०११मध्ये बंद झालं. गोळे मात्र आपल्या चाटपर्यंत पोचले. दहीपुरी, ताक, पन्हं, श्रीखंड हे मूळचेच थंड आणि आंबटगोड, त्यामुळे या कारागिरीत त्यांचं फारसं काही हरवत नाही. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेलं श्रीखंड तर झकास लागतं. झटक्यात गोठल्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात, जिभेला कचकच लागत नाही.

दुसरी अडचण चवीची नाही, हक्काची आहे. आपल्या ताटात डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं आणि उजवीकडे भाजी, आमटी वाढली जाते आणि पुढचा स्वयंपाक जेवणारा करतो. कुठल्या घासाला किती चटणी, भात किती पातळ कालवायचा, लिंबू कधी पिळायचं, हे प्रत्येकाचं आपापलं असतं. टेस्टिंग मेन्यूत एकेक घास शेफ ठरवून पाठवतो. वर हा आधी, तो नंतर, हा हाताने, तो चिमट्याने. ज्याचा जीव कालवण्यात आहे त्याला तिथे पोट भरूनही जेवल्यासारखं वाटत नाही. तक्रार करून उपयोग नसतो, तो खेळच तसा आहे. जमत नसेल तर जिथे पदार्थ सुटे मागवता येतात तिथे जा. फोनवर आधीच विचारा. काही ठिकाणी टेबलावरच्या सगळ्यांनी ठरलेला मेन्यूच घ्यावा लागतो.

‘आपलं पारंपरिक ते शुद्ध’ असं म्हणून सगळ्याच नव्यावर फुली मारू नये, हेही सांगायला हवं. एकादशीची साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कसावा, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चौघंही मूळचे अमेरिका खंडातले. कुणीतरी कधीतरी हा प्रयोग पहिल्यांदा केलाच असेल, आणि घरच्या म्हाताऱ्यांनी नाकही मुरडलं असेल! मी नवीन ठिकाणी गेले की ओळखीच्या पदार्थाचं नवं रूप टाळते आणि ज्याच्याबद्दल मला काहीच मत नाही ते मागवते. मुंबईत ‘बॉम्बे कँटीन’ २०१५मध्ये आणि ‘मास्क’ २०१६मध्ये सुरू झालं, तेव्हापासून इथल्या मातीतला माल घेऊन नवं रांधणाऱ्यांची एक पिढीच उभी राहिली आहे. आईच्या हाताशी तुलना करायला जागाच नसली की तिथला घास निवांत खाता येतो.

आता थोडं सावधगिरीचं. शाकाहारी असाल तर जेली, मूस, पातळ थरथरता कुठलाही प्रकार आला की ‘अगर-अगर की जिलेटिन?’ असं स्पष्ट विचारा. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून करतात. मधुमेह्यांनी तर फारच जपायला हवं. असं जेवण दोन-तीन तास चालतं आणि दोन घासांत बराच वेळ जातो, त्यामुळे घरून इन्सुलिन घेऊन निघालं तर साखर उतरण्याची भीती असते. डॉक्टरांना आधी विचारून ठेवा आणि वेटरला पहिल्यांदाच सांगून टाका.

धुराच्या बाबतीत तर चेष्टाच नको. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा असतो आणि कोरडा बर्फ उणे ७८च्या आसपास. पेल्यातून धूर येतोय तोवर ओठ लावायचा नाही, फोटो काढणाऱ्याने कितीही घाई केली तरी. मार्च २०२४मध्ये गुरुग्रामच्या एका हॉटेलात जेवणानंतर मुखशुद्धी म्हणून चक्क कोरडा बर्फ दिला गेला. खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं, त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. पांढरा, धुरकट खडा कुणीही, कितीही अदबीने पुढे केला तरी तोंडात टाकू नका.

राहता राहिलं बिल. जीएसटी द्यावाच लागतो, पण सर्व्हिस चार्ज बंधनकारक नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वं जुलै २०२२मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये ती उचलून धरली. न विचारता लावला असेल तर काढायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि जेवण आवडलं असेल तर तेवढे पैसे वाढणाऱ्या पोराच्या हातात ठेवा.