जनावर विचार करते काय?



हा प्रश्न आपल्या हायस्कूलच्या मुलांना जरूर विचारा. उत्तर मात्र पोथीत नव्हे, निरीक्षणात शोधू द्या. अकोले तालुक्यातील बिबटे दिवसा उसात दडतात आणि रात्री, माणसे झोपल्यावर, वस्तीजवळून फिरतात. हा विचार की सवय? मुलांनी कारणे देऊन वाद घालावा. ऐकीव गोष्ट पारखून घ्या, ही तथागतांचीच शिकवण.

पण एक ध्यानात ठेवा. ‘यांना अक्कल नाही’ असे आपल्यालाही म्हटले गेले. महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत. अस्पृश्यांना मनाई होती. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे ओंजळ भरली.

तेव्हा करुणेसाठी कोणाची बुद्धी मोजू नका. जिवाला वेदना होते, एवढे पहिल्या शीलाला पुरेसे आहे.

जय भीम!