नळीतील तांबडा थर

काचेच्या नळीत रक्त घेऊन, ते गोठू नये म्हणून त्यात योग्य ते द्रव्य मिसळून, ती उभी ठेवली तर काही वेळाने एक नवल दिसते. एकजीव वाटणाऱ्या त्या तांबड्या द्रवाचे दोन भाग होऊ लागतात. वर फिकट पिवळसर पाणी निवळते आणि खाली गडद तांबडा थर बसतो. वरचे ते रक्तद्रव होय. खालचा थर तांबड्या पेशींचा. दोहोंच्या मध्ये पांढऱ्या पेशींची पातळ साय असते, पण ती इतकी थोडी की पुष्कळदा नजरेतून सुटते. फुफ्फुसांतील प्राणवायू शरीरभर पोहोचविण्याचे काम तांबड्या पेशी करतात. तेव्हा रक्तात त्यांचा वाटा किती, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे.

नळी नुसती उभी ठेवून हा वाटा नेमका कळत नाही. धान्य मापताना माप हलवून बसविले नाही तर दाण्यांमध्ये पोकळी राहते. तसाच पेशींच्या फटींत द्रव अडकून राहतो. म्हणून नळी वेगाने फिरवून पेशी तळाशी घट्ट बसवाव्या लागतात. अशा फिरत्या उपकरणाचे वर्णन स्वीडनमधील हेडिन यांनी 1891 च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्याला 'हिमॅटोक्रिट' हे नाव पडले. रक्त वेगळे करणारे, असा त्या ग्रीक शब्दांचा भाव आहे.

या मोजणीला सुटसुटीत रूप दिले ते मॅक्सवेल विंट्रोब यांनी. 1901 मध्ये कॅनडात जन्मलेला हा तरुण वैद्य अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथे काम करीत होता. निरोगी माणसाच्या रक्ताची प्रमाणे ठरविल्यावाचून रोग्याचे रक्त तपासण्यात अर्थ नाही, हे त्याने ओळखले होते. 1929 मध्ये त्याने आपली नळी प्रसिद्ध केली. जाड काचेची, सपाट बुडाची आणि शंभर मिलिमीटरपर्यंत रेघा आखलेली अशी ती नळी. तीत शंभराच्या रेघेपर्यंत रक्त भरावयाचे, मिनिटाला सुमारे तीन हजार फेऱ्यांच्या वेगाने अर्धा तास फिरवावयाचे आणि तांबडा थर कोठे थांबला ते वाचावयाचे. 42 व्या रेघेवर थांबला, तर रक्तात तांबड्या पेशी शेकडा 42. त्रैराशिक मांडण्याचीही गरज नाही! निरोगी पुरुषांत हे प्रमाण सामान्यतः 40 ते 50, तर स्त्रियांत 36 ते 46 असते.

या प्रमाणाला पेशींच्या संख्येने भागले की एका पेशीचे सरासरी आकारमान निघते. त्याचा उपयोग मोठा. लोहाच्या अभावाने रक्तक्षय झाला तर पेशी लहान होतात. पण काही रक्तक्षयांत त्या संख्येने थोड्या, तरी आकाराने मोठ्या असतात. 1928 मध्ये ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या, तेव्हा तेथील गरीब गर्भवती स्त्रियांत त्यांना हाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय आढळला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखले गेले.

तथापि हा आकडा भोळेपणाने वाचू नये. अपघातात एखाद्याचे पुष्कळ रक्त वाहून गेले, तरी आरंभी प्रमाण फारसे उतरत नाही; कारण पेशी व द्रव ही दोन्ही सारख्याच वाट्याने गेलेली असतात. शरीरातील अन्य पाणी रक्तात ओढले गेल्यावरच ते घसरते. डेंग्यूमध्ये याच्या उलट घडू शकते. त्या तापात कधीकधी सूक्ष्म वाहिन्यांतून रक्तद्रव झिरपतो, पेशी मात्र मागे राहतात. प्रमाण 36 वरून 44 वर गेले, तर अजाण माणसास रक्त वाढले असे वाटावे. वस्तुतः ते आटत असते! मूळ आकड्याच्या एक पंचमांशाइतकी वाढ वैद्य धोक्याची मानतात.

हल्लीची यंत्रे पेशींची संख्या व आकार मोजून हे प्रमाण गणिताने काढतात, आणि अहवालात ते 'पीसीव्ही' या अक्षरांपुढे छापलेले असते. जेथे असे यंत्र नाही, तेथे बोटाच्या टोकातून घेतलेले थोडे रक्त केसासारख्या बारीक पोकळीच्या नळीत भरून पाचेक मिनिटे अतिवेगाने फिरवितात. डेंग्यूचा रुग्ण अत्यवस्थ असेल, तर दर काही तासांनी पुन्हा रक्त घेतले जाते आणि नवा आकडा आधीच्या आकड्याशेजारी लिहिला जातो.