बाहेरचा फोन लागेना, व्हॉइसमेल निरोप घेईना

प्रश्न : महाविद्यालयाच्या आवारात इंटरकॉम चालतो, पण मोबाइलला फोन लागत नाही, व्हॉइसमेल निरोप घेत नाही आणि पावसाळ्यात खरखर वाढते. उपाय काय? – एक वाचक, शिरोळ

उत्तर : तिन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना क्रमांकाआधी शून्य लावावे लागते. अनेक ईपीएबीएक्समध्ये (आवारातले फोन जोडणाऱ्या यंत्रात) बाहेरची लाइन घ्यायलाही शून्यच असते. तिथे शून्य दोनदा दाबावे. तरीही लागत नसेल, तर त्या एक्स्टेन्शनला बाहेर बोलण्याची मुभा आहे का, हे ऑपरेटरकडून तपासावे.

व्हॉइसमेलची पेटी भरली की नवे निरोप थांबतात, ऐकलेले पुसावेत. नुसती घंटाच वाजत राहिली, तर न उचललेला फोन व्हॉइसमेलकडे वळवण्याची सोय बंद असते. पासवर्ड दाबूनही यंत्र दाद देत नसेल, तर फोनवरचा खटका पल्सवरून टोनवर आणावा.

खरखरीचे मूळ बहुधा ओल. शिरोळ हा कृष्णा-पंचगंगेच्या संगमाचा तालुका. २००५, २०१९ आणि २०२१ ला पुराने वेढला होता. जमिनीखालच्या तांब्याच्या केबलच्या जोडात पाणी शिरले, की तारांमधले इन्सुलेशन ढासळते.

दोष शोधायला एक साधा, चालू फोन पुरतो. तो आधी खोलीतल्या सॉकेटला, मग डीपी बॉक्सला (तारांच्या मधल्या जोडपेटीला), शेवटी थेट ईपीएबीएक्सच्या पोर्टला लावावा. खरखर जिथे थांबेल, ती जागा आणि त्याआधीची जागा यांच्यामधली केबल बदलावी. घंटा वाजताना तारेतला विजेचा दाब वाढतो, त्यामुळे ओल्या हाताने जोड उघडू नयेत. ईपीएबीएक्स आणि त्याची बॅटरी तळमजल्यावर असेल, तर पावसाळ्याआधी वरच्या मजल्यावर हलवावी.