आम्ही कुठले भोसले?

गेल्या वर्षी हजेरीच्या वेळी माझे नाव ऐकून एका वर्गमित्राने विचारले, "तुम्ही कुठले भोसले? वेरूळचे का रे?" मी नुसता हसलो, कारण उत्तर ठाऊक नव्हते. शेंद्र्याहून वेरूळ ते किती दूर! शहर ओलांडले की दौलताबाद, खुलताबाद आणि पुढे वेरूळच. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा निदान आपल्या आडनावाचा तरी शोध घ्यावा, असे ठरवून ग्रंथालय गाठले.

आपल्याकडील पुष्कळ आडनावे गावावरून वा हुद्द्यावरून पडली. होळ गावचे ते होळकर, गावाचे दप्तर सांभाळणारे ते कुलकर्णी. 'भोसले' मात्र असे सहजी हाती लागत नाही. एक परंपरा मेवाडच्या सिसोदियांकडे बोट दाखविते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी तिला मोठे महत्त्व आले. भोसे गावावरून भोसले, असेही म्हणतात. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी तर कर्नाटकातील होयसळांशी नाते जोडले. मला गावाचे मत पटकन पटले. पण जे सोपे ते खरेच असते असे नाही.

पक्की जमीन लागते ती बाबाजी आणि त्यांचे पुत्र मालोजी यांच्यापाशी. वेरूळची पाटीलकी यांच्याकडे होती. घृष्णेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार मालोजींनी केला. पुढे हे नाव घोड्यावर बसून निघाले म्हणा ना! सातारा, कोल्हापूर तर झालेच; नागपूरच्या भोसल्यांचा अंमल १७५१ पासून १८०३ पर्यंत थेट ओडिशावर होता. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरला गादी स्थापिली. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये घराण्याचा सारा इतिहास मराठीत कोरविला. तमिळ मुलखात, दगडावर, मराठी वंशावळ! हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

पण मला सर्वांत आवडली ती अक्कलकोटची हकिकत. १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून परतताना आपल्याच भागातील पारद गावी शाहू महाराजांची लढाई झाली. पाटील सयाजी लोखंडे मारला गेला. त्याच्या बायकोने आपले मूल महाराजांच्या पायांवर घातले. तो राणोजी लोखंडे पुढे फत्तेसिंह भोसले झाला व अक्कलकोट संस्थानचा मूळपुरुष ठरला. म्हणजे आडनाव रक्तानेच मिळते असे नव्हे. आज मराठ्यांप्रमाणेच पारधी समाजातही भोसले आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना विचारले. आमची वंशावळ पणजोबांपाशी संपते. वडील म्हणाले, "तुझा पणजा इथं आला तवा संगं दोन बैलं व्हते, एवढंच आजा सांगायचा."

"पण आला कुठून?"

"ते कुणी इचारलंच न्हाई."