खाली खेळायला कोण आहे?

नाशिक, सांगली, अकोला, बदली कुठूनही होवो, मुंबईला जायचं ठरलं की घरात आधी लोकलचा नकाशा उघडला जातो. ऑफिस बीकेसीला, म्हणजे कुर्ल्याला उतरायचं की वांद्र्याला? मुलुंडमध्ये भाडं किती, डोंबिवलीत किती, डिपॉझिटचं कसं जमवायचं? हे सगळं रात्री जेवणं झाल्यावर चालतं, मुलं झोपली असं समजून.

ती झोपलेली नसतात. आमच्याकडे असाच हिशेब चालला होता आणि आतून लेकीचा आवाज आला, "तिथे खाली खेळायला कोण आहे?"

"खूप जण असतील गं," मी म्हटलं. तिथल्या एकाही घराशी आमची ओळख नव्हती. आपण सगळेच असं सांगतो. मुलांना धीर द्यायचा असतो आणि त्यांच्या निमित्ताने स्वतःलाही.

मुंबईत बजेट माणसाला हळूहळू पुढे ढकलत नेतं. सीएसएमटीपासून ठाणे सुमारे ३४ किलोमीटर, कल्याण ५४, बदलापूर ६८. जितकं पुढे जाल तितका हॉल मोठा, बाल्कनी मोठी. "निदान पोरांना स्वतःची खोली होईल," असं आपण म्हणतो आणि ते मनापासूनच म्हणतो. पण डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलनेही तासाहून जास्त लागतो. त्यात घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस मिळवा. खोली मिळते, पण बाबा घरी येतात तेव्हा तिथला दिवा बंद झालेला असतो.

माझं मत विचाराल तर एक खोली कमी चालेल, पण दोघांपैकी एकाने साडेसातच्या आत घरात असावं. अर्थात हे प्रत्येकाला परवडतंच असं नाही, आणि लांब राहणाऱ्यांची मुलं छान वाढतात हेही रोज दिसतं. तिथे बहुतेक वेळा आजी-आजोबा असतात, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या काकूंचं पाळणाघर. म्हणून दोघंही लोकलने जाणारे असाल तर शाळेच्याही आधी पाळणाघर शोधा. तिथे थोडा वेळ बसा. काकू मुलांशी कशा बोलतात ते कानावर पडू दे.

बाहेरून येणाऱ्यांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे पूर्व आणि पश्चिम. मुलुंड, बोरिवली, डोंबिवली, प्रत्येक उपनगर रुळांनी दुभंगलेलं आहे. नकाशावर शाळा किलोमीटरभर दिसते, पण ती रुळांपलीकडे असते. रिक्षाने जायचं तर उड्डाणपुलाचा वळसा आणि पायी जायचं तर ऐन गर्दीच्या वेळी स्टेशनचा पूल. आठ वर्षांच्या पोराचा हात धरून, पाठीवर त्याचं दप्तर घेऊन त्या पुलावरून एकदा संध्याकाळी चालून पाहा. समोरून लोकलमधून उतरलेली माणसं येत असतात आणि मुलाला नुसत्या पिशव्या आणि कोपरं दिसतात. घर, शाळा आणि क्लास रुळांच्या एकाच बाजूला असतील तर दोन-चार वर्षांत मूल एकटं जाऊ-येऊ लागतं. पलीकडे असतील तर दहावीपर्यंत तुम्हीच सोडायला जाता.

शाळेचं नाव मोठं असलं की आपण भुलतो. मीही भुलते. पण स्कूलबसवाल्या काकांना एवढं जरूर विचारा, "आमचा स्टॉप कितवा?" पहिला असेल तर पोरगं अंधारातच उठणार आणि सगळं उपनगर फिरून शाळेत पोचणार. परतताना बऱ्याचदा तेच शेवटी उतरतं. अशा मुलाला संध्याकाळी "अभ्यासाला बस" म्हटलं की ते चिडतं, आणि आपण म्हणतो, मुंबईला आल्यापासून फार हट्टी झालंय.

घर बघायला आपण रविवारी सकाळी जातो, कारण सुट्टी तेव्हाच असते. त्या वेळी सगळी सोसायटी शहाण्यासारखी शांत असते. जमलं तर एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला जा आणि मुलालाही न्या. वर फ्लॅट तुम्ही बघा, त्याला खाली रेंगाळू द्या. लिफ्टजवळचा फलक वाचा. "पार्किंगमध्ये क्रिकेट खेळू नये", "सायकली जिन्यात ठेवू नयेत" अशा सूचना ओळीने लावलेल्या असतील आणि खाली एकही पोर दिसत नसेल, तर ती इमारत काय ते सांगून जाते. वॉचमनकडे पाण्याच्या टँकरची आणि पावसात गेटपाशी पाणी तुंबतं का याची चौकशी करा. एजंटपेक्षा तो खरं सांगतो.

सामान लावायच्या गडबडीत करारही नीट वाचायचा राहतो. अकरा महिन्यांचा करार सरसकट होतो आणि तो नेमका सहामाहीच्या तोंडावर संपू शकतो. मालकाशी बोलून बावीस किंवा तेहतीस महिन्यांचा होतो का बघा. शाळेचं वर्ष सुरू असताना पुन्हा खोकी भरायची वेळ मुलांवर येऊ नये.

इतकं करूनही पहिले काही महिने मूल कुढतंच. माझी लेक सामान लावताना "पुढील स्टेशन, मुलुंड" असं लोकलच्या आवाजात म्हणून आम्हाला हसवायची आणि रात्री जुन्या मैत्रिणीच्या आठवणीने रडायची. तेव्हा आपण घाईघाईने मॉल, समुद्र, राणीची बाग असली आमिषं पुढे करतो. दमून आलेलो असतो, रडणं ऐकवत नाही. पण त्यांना राणीची बाग नको असते, "जुनं घर मलाही आठवतं गं" एवढं ऐकायचं असतं. शनिवारी त्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून द्या आणि तुम्ही स्वयंपाकघरात निघून जा.

आणि हो, एजंटने पुढचा फ्लॅट दाखवला की स्टेशन किती लांब हे विचारण्याआधी त्याला विचारा, "या मजल्यावर मुलं किती, आणि कितवीत?" तो गोंधळेल. मग शेजारचीच बेल वाजवा.