वजन बेताचं, तरी साखरेची तपासणी?

प्रश्न : वय २६, वजन ५२ किलो. पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर राठ केस येतात. पीसीओएसचं निदान झालं आणि डॉक्टरांनी साखरेची तपासणीही लिहून दिली. मी सडपातळ असताना तिची गरज आहे का?

उत्तर : आहे, जरूर करा. पीसीओएसमध्ये अनेकींचं शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त स्रवतं. हे वाढीव इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं आणि त्याला रक्तात बांधून ठेवणारं, यकृतात तयार होणारं प्रथिनही घटवतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलं की असे राठ केस उगवतात. इन्सुलिनला कमी प्रतिसाद देण्याचा हा दोष लठ्ठपणामुळेच येतो म्हणावं, तर १९८९ साली अँड्रिया डुनाइफ आणि सहकाऱ्यांना तो लठ्ठ नसलेल्या रुग्णांतही आढळला. सगळ्याच सडपातळ मुलींत तो नसतो, हे खरं. पण तपासल्याशिवाय कळणार कसं? शिवाय पोटातली चरबी वजनकाट्यावर वेगळी दिसत नाही. ती सौम्य, रेंगाळणारा दाह वाढवते आणि त्याने इन्सुलिनचं काम आणखी अडतं. उपाशीपोटीची साखर नॉर्मल आली तरी तेवढ्यावर थांबू नका. २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं वजन कितीही असो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजायला सांगतात. तोवर वजन उतरवायच्या नादात जेवण मात्र तोडू नका. स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुरू करा.